लाल कोणती, हिरवी कोणती

मागच्या आठवड्यात आमच्या घराची वायरिंग बदलायला मिस्त्री आला. त्यानं अंगणातल्या खाटेवर लाल, हिरवी आणि काळी अशी तारेची तीन बंडलं ठेवली आणि तो शिडी आणायला गेला. कार्तिकातलं ऊन होतं. जबलपुरात या दिवसांत सकाळी दहाला अंगणात येणारं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं आणि बाराला तेच नकोसं होतं. मी मटार सोलत बसले होते. नव्या तारेला एक वास असतो, थोडा गोडसर, थोडा रबरासारखा. उन्हानं तो वास वर आला आणि माझे हात थांबले. एवढ्या वर्षांत घरात किती तरी वेळा तारा आल्या असतील, पण तो वास आणि कार्तिकाचं ऊन एकत्र यायला माझी पंचाहत्तरी उलटावी लागली.

तो एकाहत्तरचा हिवाळा होता. मी नागपूरची, त्याच वर्षी वैशाखात लग्न होऊन इकडे आले होते. आमचे हे, म्हणजे मधुकरराव, लष्करासाठी ट्रक बनायचे त्या फॅक्टरीत फिटर होते. ट्रकच्या सांगाड्याचं काम यांच्याकडे होतं. शहराच्या महाराजपूर भागात दोन खोल्या आणि पुढे टिनाचा ओसारा अशी आमची भाड्याची जागा होती. गल्लीत निम्मी घरं फॅक्टरीवाल्यांची. लढाई अजून लागलेली नव्हती, पण लागणार हे भाजीवालीलासुद्धा माहीत होतं. फॅक्टरीचे भोंगे वाढले, रविवारच्या सुट्ट्या गेल्या. घड्याळ पाहायची गरज उरली नाही. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला हे दाराबाहेर. कणीक मळताना रस्त्यावरून नव्या कोऱ्या ट्रकांची रांग जाताना ऐकू यायची आणि ओट्यावरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आम्ही बायका जवानांसाठी स्वेटर विणायचो. माझी लोकर संपली म्हणून मी यांना हिरवी लोकर आणायला सांगितलं, तर यांनी तपकिरी आणली. मी म्हटलं, घाईत दुकानदारानं दिली असेल. नव्या नवरीला नवऱ्याच्या बाजूनं कारणं फार पटकन सुचतात.

यांची मोटरसायकल लष्कराच्या लिलावातून निघालेली होती. माझ्या आधी ती या घरात आली, असं हे गमतीनं म्हणायचे आणि मला त्याचा थोडा राग यायचा. इंजिन ठणठणीत होतं. तारा मात्र गेल्या होत्या. काही उन्हानं तडकल्या होत्या, काही उंदरांनी कुरतडल्या होत्या. हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. त्यामुळे हे गल्लीत वळले की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि मी चहाचं आधण ठेवायची. पुढचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. पहाटेच्या पाळीला धुक्यात असं जाणं काही बरं नव्हतं.

त्याच सुमारास यांचे फोरमन तिवारीजी यांना म्हणाले की सोमवारपासून तुम्ही वायरिंगच्या तपासणीवर या. तपासणी म्हणजे जोडणाऱ्यांच्या मागे फिरायचं, कोणत्या रंगाची तार कुठे गेली ते पाहायचं आणि कागदावर सही करायची. हातातला पाना सुटून हातात पेन येणार होतं. यांनी ही गोष्ट मला जेवताना सांगितली, आणि सांगताना वरणाकडे पाहत होते. मला वाटलं, आनंद लपवून राहिलेत.

गुरुवारी यांना एक दिवसाची बदली रजा मिळाली. सकाळीच हे बाजारात जाऊन तारा घेऊन आले आणि म्हणाले, "सोमवारच्या आधी एकदा हात साफ करून घेतो. आपल्याच गाडीवर."

त्या दिवसाचं मला बारीकसारीक आठवतं. ओसाऱ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर गाडी उभी. पेट्रोलची टाकी उतरवून भिंतीला टेकवलेली, सीट उंबऱ्यावर. टाकीशिवाय गाडी अगदीच लहान आणि उघडी दिसत होती. यांनी जुन्या तारांची जुडी एकेक क्लिप सोडवत बाहेर काढली. काळवंडलेली, तेलानं माखलेली. कोणत्या तारेचा मूळ रंग काय होता हे देवालाही सांगता आलं नसतं. यांनी ती तशीच जमिनीवर पसरली, जशी गाडीत होती त्याच वळणांनी, आणि नव्या तारा तिच्या शेजारी मापून कापल्या.

मग मी यांना काम करताना पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला सहा महिने झाले होते, पण यांचं काम म्हणजे माझ्यासाठी डबा आणि तेलकट कपडे. त्या दिवशी कळलं, माणूस कामात वेगळाच असतो. तार कुठून न्यायची हे हे डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त ठरवायचे. दांडीखालून बोट फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबायचे. "इथं धार आहे. सहा महिन्यांत कापेल." तिथे रबराचा तुकडा गुंडाळायचे. इंजिनाच्या डोक्यापासून चार बोटं लांब, टाकी दाबणार नाही अशी, पण लोंबणारही नाही. हँडलच्या मानेशी आले तेव्हा मला म्हणाले, "डावीकडे फिरव. आता उजवीकडे. पूर्ण." मी फिरवलं. तार ताणली. यांनी तिथे अर्धी वीत जास्त सोडली आणि पुन्हा फिरवायला लावलं. "गाडीला मान वळवता आली पाहिजे," म्हणाले. हॉर्न का वाजायचा ते मला तेव्हा कळलं. मान वळली की जुनी तार ताणून उघडी पडायची.

दोन मुख्य तारा होत्या. बॅटरीतून वीज पुढे आणणारी लाल, आणि गाडीच्या लोखंडाला जोडायची ती हिरवी. पुढच्या दिव्याच्या वाटीत हे जोडत होते तेव्हा मी शेजारी बसून तारा देत होते. "लाल दे." दिली. "हिरवी." दिली. तिथलं सगळं बरोबर झालं. मग भात लागेल म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा हे मागे, सीटच्या जागी वाकून बॅटरीला तारा जोडत होते. यांनी सकाळी मला दोन वेळा सांगितलं होतं की वीज लालमधून येते. आणि आता विजेच्या टोकाला हे हिरवी कसत होते.

मी पाहिलं. नीट पाहिलं. तोंडाशी शब्द आला होता. पण मनात म्हटलं, मागच्या बाजूला उलटं असेल. हा माणूस आठ वर्षं फॅक्टरीत आहे, मी मॅट्रिक. मी काय यांना सांगणार.

यांनी दुसरं टोक बॅटरीला लावलं, हिरवीतून वीज थेट लोखंडात गेली आणि दोन-चार क्षणांत पुढून धूर निघाला. पांढरा, पातळ. हिरवी तार जागोजागी फुगली आणि नव्या रबराचा तो गोडसर वास जळका झाला. यांनी हातानंच बॅटरीचं टोक उपटलं. बोटांना चांगला चटका बसला. मी आतून पाण्याचा तांब्या आणला. हे ओसाऱ्याच्या पायरीवर बसले, तांब्यात बोटं बुडवून.

मग मी म्हटलं, "तिथं हिरवी लागली होती."

"तू पाहिलं?"

"हो."

"मग काहून चूप बसली?"

उत्तर होतं, पण ते मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं. मी उठले, उरलेल्या तारांतून एक तुकडा उचलला आणि यांच्यासमोर धरला. का धरला, मला आजही सांगता येणार नाही. लोकर आठवली असेल.

"ही कोणती?"

यांनी तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तुकड्याकडे. उन्हात धरला, सावलीत धरला. माझ्या चेहऱ्यावरून काही कळतं का, हे पाहत होते.

"लाल," म्हणाले.

ती हिरवी होती.

माझ्या चेहऱ्यावरून यांना कळलं. तुकडा यांनी पायरीवर ठेवला आणि हळूहळू बोलायला लागले. लहानपणी बोरं तोडायला गेले की हे नेहमी कच्ची आणायचे. भाऊ हसायचे, वडील म्हणायचे लक्ष नाही पोराचं. यांनाही तसंच वाटायचं, की आपलं लक्ष नाही. फॅक्टरीत लागताना डोळे तपासले तेव्हा भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती, ती यांनी सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत वाचली. सांगाड्याच्या कामात रंगाचं काम कधी पडलंच नाही. काळं, पिवळं, निळं ओळखू यायचं. लाल आणि हिरव्याचीच गडबड व्हायची, आणि अशा वेळी कोणाला तरी सहज विचारल्यासारखं विचारून घ्यायची सवय लागली होती. मलाही सहा महिने असंच विचारत होते, हे मला त्या पायरीवर समजलं. ह्या साडीचा रंग कोणता म्हणतात गं? आज कोणत्या मिरच्या टाकल्या? मला वाटायचं, यांना माझ्या साड्यांचं कौतुक आहे.

"आणि सोमवारी?" मी विचारलं.

"शिकून घेईन. कुठं कोणती तार बसते ते पाठ करून टाकीन. जागेवरून ओळखीन."

"आणि कोणी चुकीच्या जागी बसवली तर?"

तपासणी म्हणजे नेमकं तेच होतं. चुकीच्या जागी बसलेली पाहणं.

जेवण झाल्यावर आम्ही सगळी जुडी पुन्हा बाहेर काढली. जळलेल्या तारेनं शेजारच्या दोन धरल्या होत्या. नव्या तारा कापायच्या आधी मी माझा भरतकामाचा डबा आणला. विजेच्या तारेच्या दोन्ही टोकांना जाड दोऱ्याची एक गाठ मारली, लोखंडाच्या तारेला दोन गाठी, हॉर्नच्या तारेला तीन. यांनी डोळे मिटून गाठींवरून बोट फिरवलं आणि बरोबर टोक माझ्या हातात दिलं. सकाळची ती वाट यांच्या बोटांत होतीच. धार होती तिथे रबर, मानेशी अर्धी वीत. दुपार उतरायच्या आत काम झालं. या वेळी बॅटरी जोडताना मी शेजारी उभी राहिले आणि हे काही विचारायच्या आधीच म्हटलं, "बरोबर आहे." दिवा लागला. हॉर्न बटण दाबल्यावरच वाजला. हे हसले नाहीत. हात पुसत म्हणाले, "घरी तू आहेस. तिथं गाठी कोण मारून देईल?"

शुक्रवार, शनिवार, रविवार हे कामावर गेले आणि आले. घरात त्या विषयावर एक शब्द झाला नाही. मी मुद्दामच काढला नाही, आणि त्या न बोलण्यात माझा स्वार्थही होता. तपासणीवाल्याची बायको हे मी गल्लीत दोघी-तिघींना सांगून बसले होते. नागपूरला आईला पत्रही टाकलं होतं. सोमवारी निघताना यांनी धुतलेला सदरा घातला. मला वाटलं, तपासणीवर चालले.

संध्याकाळी हे परत आले तेव्हा मी आधण ठेवलेलं नव्हतं. आता वळणावर हॉर्न वाजत नव्हता, त्यामुळे हे एकदम दारातच दिसले. खुर्चीवर बसून बूट काढत म्हणाले, "सांगून टाकलं."

तिवारीजींना यांनी सकाळीच गाठलं होतं. तिवारीजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?" हे म्हणाले, "पहले ठीक से मालूम नहीं था." तिवारीजी म्हणाले, "मालूम था." तिवारीजींनी कागदावरचं नाव खोडलं, समोर दुसरं लिहिलं आणि म्हणाले, "जाओ, अपने फ्रेम पर जाओ." एवढंच. ज्याचं नाव लिहिलं, तो मुलगा यांच्यानंतर चार वर्षांनी लागलेला होता.

"त्यांना राग आला?" मी विचारलं.

"कळलं नाही. तिवारीजींचा चेहरा एकच आहे."

त्या रात्री हे जेवले नेहमीसारखे आणि झोपलेही लवकर. जागी मीच होते. आईला दुसरं पत्र काय लिहावं ते मला सुचत नव्हतं.

मग लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, गाडीच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला. यांच्या पाळ्या इतक्या लांबल्या की कधी कधी दोन दिवसांत आम्ही एकमेकांना नीट पाहायचोही नाही. कँटीनमध्ये कसं कोणास ठाऊक, पण बातमी पसरली. लोक यांना 'लाल-हरा' म्हणायला लागले. कोणी समोर मिरची धरून विचारायचं, "दादा, लाल की हरी?" हे ती मिरची तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "तीखी." हे मला यांनीच सांगितलं, हसत. पण एकदा डबा परत आला तेव्हा त्यात पोळी तशीच होती. मी विचारलं नाही, कारण ते विचारण्यासारखं नव्हतं. न विचारण्यातही फरक असतो हे मी त्या हिवाळ्यात शिकत होते.

लढाई थांबल्यावर एका संध्याकाळी तिवारीजी आमच्याकडे आले. कशाला आले ते त्यांनी सांगितलं नाही. चहा घेतला, बाहेर निघाले आणि ओसाऱ्यातल्या गाडीपाशी थांबले. वाकून टाकीच्या खालून तारेवर बोट फिरवलं, मानेपासून थेट सीटपर्यंत. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, पूर्ण उजवीकडे.

"तार किसने डाली?"

"मैंने," हे म्हणाले.

"और रंग?"

"इसने देखे."

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "काम साफ है," म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. मला वाटलं होतं, आता काही तरी होईल, यांना परत बोलावतील. काही झालं नाही. हे सांगाड्यावरच राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. तो चार वर्षांनी मागून आलेला मुलगा बऱ्याच वर पोचला. यांना त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. वर्षातून एखाद्या वेळी, बढत्यांची यादी लागली की हे त्या दिवशी गाडी पुसत बसायचे, पुसलेलीच पुन्हा पुसायचे. पण आपण सांगायला नको होतं असं यांनी कधी म्हटलं नाही. माझ्याच मनात ते एकदोनदा येऊन गेलं. त्यातही एकदा तर मुलाच्या शाळेसाठी बदली हवी होती आणि कोणी ऐकत नव्हतं तेव्हा.

मला खरं लागून राहिलं ते दुसरंच. मी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. यांची बोटं भाजली त्यात अर्धा हात माझा होता. तेव्हापासून मी दिसेल ते बोलायला लागले. यानं संसारातलं सगळं सुधारलं असं नाही, काही भांडणं तर यामुळेच झाली. हे म्हणायचे, "आता काहून एवढं बोलून राहिली?" मी म्हणायची, "तुम्हीच विचारलं होतं, चूप काहून बसली म्हणून."

मिस्त्री शिडी घेऊन आला, दोन दिवस काम करून गेला. हे जाऊन सहा वर्षं झाली. मटार सोलून झाले तरी मी अंगणात बसून होते, आणि मनात तो हिवाळा संपून फाल्गुन आला होता.

लढाईनंतरच्या त्या फाल्गुनात एका रविवारी यांना सुट्टी मिळाली आणि आम्ही शहराबाहेर बरेल्याच्या रस्त्यानं फिरायला निघालो. वारा अजून थोडा गार होता. दोन्ही बाजूंना झाडी, माती, मधेच एखादं झोपडं. हे मान थोडी मागे करून म्हणाले, "सगळे म्हणून राहिले पळस फुलला म्हणून. कुठं फुलला?"

मी पाहिलं. समोरची अख्खी टेकडी पेटल्यासारखी दिसत होती.

"समोर," मी म्हटलं.

"समोर तर झाडं आहेत."

"त्यांच्यावरच."

यांनी गाडी कडेला लावली. आम्ही शेतातून चालत एका झाडाखाली गेलो. खाली फुलांचा सडा होता. हे वाकले, एक फूल उचललं, डोळ्यांजवळ धरलं, मग त्याच्या वाकड्या पाकळीवरून अंगठा फिरवला. देठाशी बोट थांबलं, पुन्हा टोकापर्यंत गेलं.

"मखमल आहे," म्हणाले. मग वर पाहिलं. बराच वेळ पाहत होते. "लोकांना हे दुरून दिसते?"

"दुरूनच दिसते. कोसभरावरून."

यांनी फूल सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आम्ही रस्त्यावर परत आलो. गाडी चालू करायच्या आधी हे म्हणाले, "मग आधीच सांगत जा. मी हळू घेईन."